आधी फट, मग जाडी : थंड मुलखातल्या घराचं इन्शुलेशन

थर्मोस्टॅट २१ अंश दाखवतोय, फर्नेस अखंड चालू आहे, गॅसचं बिल महिन्यागणिक चढतंय. मग सोफ्यावर बसलं की पाय गार का पडतात? कॅनडात पहिलं घर घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न पडतो. पुण्या-मुंबईकडून गेलेल्यांना तर तो जास्तच छळतो, कारण आपल्याकडे भिंतीकडून अपेक्षा असते ती ऊन-पाऊस अडवण्याची आणि शेजाऱ्याच्या नजरेपासून आडोसा देण्याची. मुंबईच्या घरात आतल्या-बाहेरच्या तापमानात पाच-सात अंशांचा फरक असला तर खूप झाला. विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमानच उणे १६ च्या आसपास असतं आणि कडाक्याच्या रात्री पारा उणे ३० पर्यंत उतरतो. त्या रात्री सहा-सात इंचांच्या भिंतीच्या दोन बाजूंमध्ये पन्नास अंशांचं अंतर असतं.

या प्रश्नाला बहुतेकांना पहिलं उत्तर मिळतं ते ‘खिडक्या बदला’. या प्रकरणात मी त्याच्या उलट्या बाजूनं सुरुवात करणार आहे. खिडक्या महाग असतात, डोळ्यांसमोर असतात आणि त्या विकणारे दार ठोठावतात, म्हणून त्यांचा नंबर आधी लागतो. घरातली बरीचशी ऊब मात्र जिथे कुणी कधी चढत नाही किंवा वाकून बघत नाही अशा जागांतून जाते. आधी काय करायचं आणि नंतर काय, हा क्रम ठरला की कोणतं साहित्य घ्यावं हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

१. हवा गरम, तरी अंग गार

थर्मोस्टॅट फक्त हवेचं तापमान मोजतो. शरीराला हवेइतक्याच भिंती, काचा आणि जमीनही जाणवतात. आपलं अंग भोवतालच्या प्रत्येक पृष्ठभागाकडे किरणांच्या रूपात उष्णता टाकत असतं. समोरचा पृष्ठभाग जितका गार, तितकी ही देणगी मोठी. बाहेर उणे २० आणि आत २० अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू उणे १० च्या जवळपास जाते. दुहेरी काचेची ६-७ अंशांवर राहते, चांगल्या तिहेरी काचेची १४-१५ वर. इन्शुलेशन नसलेल्या जुन्या विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण १३ अंशांवर असतो. अशा भिंतीला पाठ टेकून बसलेल्या आजीला २१ अंशांच्या खोलीतही शाल लागते. थर्मोस्टॅट खरं सांगतोय आणि आजीही.

दुसरं कारण वाऱ्याचं. घर कितीही बंद दिसलं तरी त्यात शेकडो बारीक फटी असतात आणि त्यांतून येणारी गार हवा जमिनीलगत पसरते. पाय गार पडतात ते मुख्यतः या हवेमुळे. तिच्याकडे आपण पुढे सविस्तर येऊ, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे.

२. इन्शुलेशन करतं तरी काय?

गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकून पडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे, आणि फायबरग्लासचे धागे, सेल्युलोजचा भुसा, फोमचे बुडबुडे हे सगळे त्या हवेला बारीक बारीक कप्प्यांत डांबून ठेवण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. गोधडी पांघरून वाऱ्यात बसलं तर मात्र वारा तिच्यातून आरपार जातो आणि हवा स्थिर राहत नाही. घराचंही तसंच होतं. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी या प्रकरणाचं निम्मं काम झालं.

साहित्य उष्णतेला किती अडवतं, ते सांगणारा आकडा म्हणजे आर-मूल्य. आकडा मोठा तितका अडथळा मोठा. उत्तर अमेरिकेत तो फूट आणि फॅरनहाइटच्या हिशेबानं छापतात. पाकिटावर शेजारी मेट्रिक आकडाही असतो. पहिल्याला ५.६८ नं भागलं की दुसरा मिळतो.

एक इंच जाडीचा विचार केला तर काँक्रीटचं आर-मूल्य जेमतेम ०.१ भरतं. भिंतींच्या सांगाड्यात वापरतात त्या मऊ लाकडाचं सव्वा. फायबरग्लासच्या गादीचं तीनच्या थोडं वर, सेल्युलोजचं साडेतीनच्या पुढे, दगडी लोकरीचं चारच्या आसपास. गुलाबी किंवा निळ्या कडक फोमच्या पाट्यांचं पाच, आणि फवारून बसवायच्या दाट फोमचं सहा. म्हणजे इंचभर दाट फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला पाच फूट जाड काँक्रीट लागेल. ‘भिंत जाडजूड आहे, मग घर उबदारच असणार’ हा आपल्याकडचा समज थंड मुलखात टिकत नाही.

३. किती जाडी पुरे? एक छोटा हिशेब

समजा, माळ्याचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे. आत २० अंश, बाहेर उणे २०, म्हणजे ४० अंशांचा फरक. माळ्यावर जुनं, दबलेलं, आर-१० किमतीचं इन्शुलेशन आहे. मेट्रिकमध्ये ते १.७६ होतं. क्षेत्रफळ गुणिले फरक, भागिले अडथळा : १०० × ४० ÷ १.७६, म्हणजे जवळजवळ २,२७० वॅट. खोलीत ठेवायचा मोठा विजेचा हीटर १,५०० वॅटचा असतो. असे दीड हीटर रात्रंदिवस निव्वळ छतातून आकाशाला दिले जात आहेत.

आर-२० केलं की गळती १,१३५ वॅटवर येते. आर-४० वर ती ५७० होते, आर-६० वर ३८०. पहिल्या दहा आकड्यांनी ११३५ वॅट वाचवले, पुढच्या वीसांनी ५६५ आणि शेवटच्या वीसांनी फक्त १९०. जाडी वाढवत गेलं की फायदा होतोच, पण दर वेळी आधीपेक्षा कमी. त्यामुळे जिथे काहीच नाही किंवा फार थोडं आहे, तिथे आधी पैसा घालावा. माळ्यावर आर-५० असताना ते ६० करण्याच्या आधी बेसमेंटच्या उघड्या भिंतीकडे बघावं.

आता वर्षभराचा अंदाज. त्यासाठी ‘डिग्री-डे’ नावाचं सोपं माप आहे. दिवसाचं सरासरी तापमान १८ अंशांच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. सरासरी उणे २ असलेल्या दिवसाचे २०. सगळ्या वर्षाची बेरीज टोरांटोच्या परिसरात साधारण ३,८०० भरते, विनिपेगला ५,७०० च्या आसपास. वरच्याच माळ्याला आर-१० वरून आर-४० केलं तर टोरांटोत वर्षाला सुमारे ३,९०० युनिट उष्णता वाचते, विनिपेगला ५,८००. घनमीटरभर नैसर्गिक गॅसमधून, चांगला फर्नेस असेल तर, दहा युनिटांच्या जरा आत उष्णता मिळते. म्हणजे टोरांटोत सुमारे चारशे घनमीटर गॅस. आपल्या बिलावरचा दर घ्या, सगळे कर आणि वाहतूक धरून, आणि गुणाकार करा. आकडा तुमचा, तुमच्या शहराचा, तुमच्या दराचा असेल, म्हणून तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाचा.

४. पाकिटावरचा आकडा आणि भिंतीतला आकडा

कॅनडातलं साधं घर लाकडी सांगाड्याचं असतं. उभ्या लाकडांना ‘स्टड’ म्हणतात, त्यांच्यामधल्या पोकळीत इन्शुलेशन भरतात, आतून ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्या) लावतात आणि बाहेरून पत्रा किंवा वीट. जुन्या घरांत स्टड साडेतीन इंच खोल, नव्यांत साडेपाच. पहिल्यात आर-१२ ची गादी बसते, दुसऱ्यात आर-२० किंवा २२ ची.

पण भिंतीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या लाकडाचा असतो : स्टड, खिडक्यांच्या चौकटी, वरची आणि खालची आडवी लाकडं. आर-२० ची भिंत घ्या. शंभर चौरस फुटांतले ७७ फूट आर-२० चे, २३ फूट लाकडाचे, म्हणजे आर-७ चे. ७७ ÷ २० = ३.८५ आणि २३ ÷ ७ = ३.२९. चौथ्या हिश्शाच्या लाकडातून जवळजवळ निम्मी उष्णता निसटते! बेरीज ७.१४, आणि १०० भागिले ७.१४ केलं की या थराचं खरं आर-मूल्य येतं १४. लाकडातून जाणाऱ्या या वाटेला उष्णतेचा पूल म्हणतात. त्यावर उपाय एकच : सांगाड्याच्या बाहेरून सलग फोम किंवा दगडी लोकरीच्या पाट्यांचा थर. म्हणून बाहेरचा पत्रा बदलायची वेळ आली की इन्शुलेशनचा विषय त्याच वेळी काढायचा. पत्रा बसला की पुढची वीस-पंचवीस वर्षं ती संधी गेली.

छोट्या जागाही फसवतात. माळ्यावर चढायचं झाकण हिशेबासाठी चौरस मीटरभर धरू; पुष्कळ घरांत ते नुसत्या प्लायवूडचं असतं. उरलेले ९९ मीटर आर-४० चे असले, तर त्या सगळ्यांतून मिळून ५६० वॅट जातात, आणि आर-२ च्या झाकणातून एकट्यानं ११० च्या वर. झाकणाला मागून फोमची पाटी चिकटवायला आणि कडेला रबरी पट्टी लावायला एक दुपार पुरते.

५. फटी

गरम हवा हलकी असते, ती वर चढते. घराच्या वरच्या भागात ती बाहेर ढकलली जाते, आणि जितकी बाहेर जाईल तितकीच गार हवा तळातून आत ओढली जाते. बाहेर थंडी वाढेल तसा हा ओढा वाढतो. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते : पायाला लागणारा वारा थांबवायचा तर माळ्यावर चढावं लागतं. वरची वाट बंद झाली की खालून ओढ कमी होते.

वरच्या वाटा ठरलेल्या असतात. छतात बसवलेले गोल दिवे, न्हाणीघराचा पंखा, भिंतीतून वर गेलेल्या नळाच्या नळ्या, वायरींसाठी पाडलेली भोकं, आतल्या भिंतींचा माथा आणि धुरांड्याभोवतीची मोकळी जागा. जुनं फायबरग्लास उचलून पाहिलं तर त्याच्या पोटावर काळपट-राखाडी पट्टे दिसतात. पाहणाऱ्याला ती बुरशी वाटते. बहुतेक वेळा ती घरातली धूळ असते. वर्षानुवर्षं घरातली हवा त्या गादीतून गाळून वर गेली आणि धूळ मागे राहिली. काळा पट्टा जिथे आहे, त्याच्या बरोबर खाली फट आहे. तपासायला आलेल्या माणसाला हा पट्टा पुष्कळ काही सांगून जातो.

खाली शोधायला उदबत्ती पुरते. वारा सुटलेल्या थंड दिवशी न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे पंखे लावा आणि पेटती उदबत्ती बाहेरच्या भिंतीतल्या विजेच्या सॉकेटजवळ, खिडकीच्या चौकटीजवळ, बेसमेंटच्या वरच्या कडेला धरा. पडदे आणि कापसापासून मात्र लांब. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. एकदम आडवा झाला तर तिथे खडूनं खूण करा.

पक्कं मोजमाप हवं असेल तर ‘ब्लोअर डोअर’ चाचणी करून घ्यावी. पुढच्या दारात एक मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात आणि आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवतात. ताशी तीसेक किलोमीटरचा वारा घराच्या चारही बाजूंनी लागावा, तेवढा हा दाब. त्या अवस्थेत घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते, तो आकडा मिळतो. जुन्या घरांत तो सात-दहा किंवा त्याहून वर असतो. कॅनडानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेल्या आर-२००० या मानकात तो दीडच्या आत लागतो. जर्मनीत रुजलेल्या पॅसिव्ह हाउसच्या मानकात ०.६. पंखा चालू असताना घरभर हात फिरवून बघण्याची संधी सोडू नका. सॉकेटमधून हाताला गार झोत लागला की दहा पानांच्या अहवालातून पटत नाही ते पटतं.

बारीक फटींना कॉक (नळीतून भरायचं लवचिक सीलंट), बोटभर भोकांना फवाऱ्याचा फोम, मोठ्या पोकळ्यांना फोमची पाटी कापून. धुरांड्याजवळ मात्र फोम कधीच नाही. तिथे पत्र्याची कॉलर आणि आगीला टिकणारं सीलंट. हे सगळं साहित्य स्वस्त असतं. कामही शिकता येण्याजोगं आहे, फक्त अडचणीच्या जागी, मास्क लावून, रांगत करावं लागतं. म्हणूनच ते राहून जातं, आणि त्याच्यावर नवं इन्शुलेशन ओतलं जातं. दीड फूट सेल्युलोजखाली गेलेल्या फटी पुन्हा शोधणं फार जिकिरीचं, म्हणून क्रम चुकवू नये.

६. ओलाव्याचं गणित

थंड मुलखात घराचा खरा शत्रू गारठा नव्हे, पाणी आहे. गारठ्यानं बिल वाढतं. पाण्यानं लाकूड कुजतं आणि बुरशी धरते.

२० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते. शून्य अंशांची पाचेक ग्रॅम. उणे २० ची जेमतेम एक. २१ अंशांच्या घरात सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असली, तर ती हवा सात अंशांच्या पृष्ठभागाला टेकताच तिथे दव पडायला लागतं. मघाशी पाहिलं की दुहेरी काचेची आतली बाजू ६-७ अंशांवर येते. सकाळी खिडकीच्या खालच्या कडेला पाणी का साठतं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आपल्या स्वयंपाकघरात वाफ जरा जास्तच होते. कुकरच्या शिट्ट्या, उकळता रस्सा, चहाचं आधण. त्यात बेसमेंटमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही वाफ खिडकीवर दिसते तेव्हा पुसता येते. भिंतीच्या पोटात गेली तर दिसत नाही.

ती आत शिरू नये म्हणून कॅनडात ड्रायवॉलच्या मागे, म्हणजे उबदार बाजूला, प्लास्टिकचा पातळ पडदा लावतात. त्याची बाजू हवामानावर ठरते. मुंबईत एसी लावलेल्या खोलीत ओली हवा बाहेर असते आणि गार पृष्ठभाग आत, त्यामुळे तिथे हाच पडदा आतून लावला तर पाणी त्याच्याच मागे साठेल. एका मुलखाचा उपाय दुसरीकडे उचलून नेऊ नये, तो यासाठी.

पण पडद्याहून महत्त्वाची आहे ती हवा. ड्रायवॉलच्या आठ बाय चार फुटांच्या अखंड पाटीतून हिवाळाभरात जेवढी वाफ झिरपते, तिच्या जवळजवळ शंभरपट वाफ त्याच पाटीतल्या एक चौरस इंचाच्या भोकातून वाहत्या हवेबरोबर जाते. जानेवारीत माळ्याच्या झाकणातून डोकं वर काढून विजेरी मारली आणि छपराच्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरे हिमकण चमकताना दिसले, तर समजावं : ती आपल्या स्वयंपाकघरातली वाफ आहे. मार्चमध्ये ते कण वितळतात, छतावर पिवळे डाग पडतात, आणि घरमालक छपरावरची शिंगल्स बदलायला निघतो. छपराचा त्यात काही दोष नसतो.

बर्फाच्या बांधांचं मूळही तेच. माळा गरम राहिला की छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी घरंगळत गार वळचणीला येतं आणि तिथे पुन्हा गोठतं. मागून आलेलं पाणी त्या बांधामागे तुंबून शिंगल्सखाली शिरतं. यावर छतातल्या फटी बुजवणं, इन्शुलेशन वाढवणं आणि माळ्यावर बाहेरची हवा खेळती ठेवणं असा तिहेरी उपाय आहे. वळचणीतून येणाऱ्या हवेची वाट इन्शुलेशननं बुजू नये म्हणून तिथे पन्हळीसारखे पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे मार्ग आधी बसवतात. न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यात अर्धवट सोडलेली आढळली, तर ती छपराबाहेर नेणं हे त्या वर्षीचं पहिलं काम समजा.

७. कुठे काय वापरावं

माळ्यासाठी माझी पसंती सेल्युलोजला. जुन्या वर्तमानपत्रांचा भुसा, त्याला आग आणि किडीपासून जपणारे बोरेटचे क्षार. नळीनं फुंकून पसरतात, त्यामुळे कानाकोपरा भरतो आणि तो फायबरग्लासच्या फुंकलेल्या भुशापेक्षा दाट बसतो. कालांतरानं थोडा दबतो, तेवढी जाडी आधीच जास्त धरावी लागते.

भिंतीच्या उघड्या पोकळीत दगडी लोकर चांगली. ती जळत नाही, पाणी झटकते, आवाज अडवते, आणि पावाच्या सुरीनं हवी तशी कापता येते. फायबरग्लास स्वस्त पडतं, पण ते नीट बसवणारा माणूस हवा. साडेपाच इंचांची गादी साडेतीन इंचांत कोंबली की पैसे आर-२० चे जातात आणि पदरात आर-१४ पडतं. वायरीमागे चिमटलेली, कोपऱ्यात दुमडलेली गादी तर नावापुरतीच.

फवाऱ्याचा दाट फोम एका फटक्यात हवा, वाफ आणि उष्णता तिन्ही अडवतो. जिथे जागा कमी आणि कोपरे वेडेवाकडे, तिथे त्याला तोड नाही. तो महाग असतो, दोन रसायनं जागेवरच मिसळून तयार होतो, मिश्रण बिघडलं तर वास रेंगाळतो, आणि फवारणीच्या वेळी घर रिकामं ठेवावं लागतं. आतल्या बाजूला तो उघडा ठेवायचा नाही; आगीसाठी ड्रायवॉलनं झाकावाच लागतो. सगळं घर फोमनं भरायची गरज क्वचितच असते.

८. बेसमेंट, भिंती आणि शेवटी खिडक्या

माळा झाला की बेसमेंट. आठ इंचांची काँक्रीटची भिंत आर-१ च्या आसपास असते आणि तिचा वरचा दोन-तीन फुटांचा पट्टा थेट बाहेरच्या हवेत असतो. घराचा लाकडी सांगाडा काँक्रीटवर टेकतो ती कड सगळ्यात गळकी. तिथे तुळयांमधल्या प्रत्येक चौकोनात फोमची पाटी कापून बसवायची आणि कडा फवाऱ्यानं सील करायच्या. शनिवार-रविवारचं काम आहे आणि पहिल्याच थंडीत त्याचा फरक जाणवतो.

बेसमेंटच्या भिंतीला काही लावण्याआधी ती कोरडी आहे का ते बघा. पन्हाळीचं पाणी पायाशीच सोडलेलं असेल, अंगणाचा उतार घराकडे असेल, तर आधी ते नीट करा. काँक्रीटला थेट चिकटेल असा फोमचा थर पहिला, मग त्याच्या आत लाकडी सांगाडा. काँक्रीटला टेकवून फायबरग्लास लावलं तर खोलीतली वाफ गार काँक्रीटपर्यंत पोचते आणि गादी कायमची ओली राहते.

उभ्या घराच्या भिंती भरणं शक्य आहे. बाहेरून भोकं पाडून सेल्युलोज दाबून भरतात. खिडक्या त्याच्याही नंतर. चौकट कुजली असेल, काचांच्या मधे धुकं साचलं असेल, तर बदलाव्यात आणि बदलताना तिहेरीच घ्याव्यात. निव्वळ बिल कमी करण्यासाठी चांगल्या दुहेरी खिडक्या उखडून टाकल्या तर तो खर्च भरून यायला फार वर्षं लागतात. तोवर चौकटीभोवतीची फट सील करणं आणि हिवाळ्यापुरती आतून पारदर्शक फिल्म ताणणं, यानं बरंच साधतं.

९. जुन्या घरात हात घालण्याआधी

काही गोष्टींना तपासल्याशिवाय हात लावू नये. माळ्यावर चकाकणारे, राखाडी-सोनेरी खडे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असण्याची शक्यता आहे. उत्तर अमेरिकेतला हा बराचसा माल मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून आला आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल अजून घराघरांत आहे. तो ढवळू नका, झाडू नका. नमुना तपासायलाही जाणकाराला बोलवा.

दुसरी गोष्ट जुनी वायरिंग. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घरांत चिनीमातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या सुट्या तारा असतात. त्यांची उष्णता मोकळ्या हवेत जावी अशी ती रचना आहे. त्या इन्शुलेशनखाली गाडल्या तर आगीला निमंत्रण. आधी इलेक्ट्रिशियन, मग इन्शुलेशन.

१९७० च्या दशकात, १९७३ च्या तेलसंकटानंतर, कॅनडात भिंतींत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फोम भरायची लाट आली आणि त्यातून निघणाऱ्या वायूमुळे डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. इतक्या वर्षांनी त्या घरांतला वायू बहुतेक विरून गेलेला असतो, पण जुना फोम ओला झाला असेल तर तो काढणं भाग असतं.

१०. बंद घराला श्वास

‘इतकं सील केलं तर गुदमरायला होणार नाही का?’ ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर कॅनडातल्याच एका घरानं दिलं. १९७७ मध्ये सस्कॅचेवानमधल्या रेजायना शहरात ‘सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस’ बांधलं गेलं. हॅरल्ड ऑर हे अभियंता त्या कामात अग्रभागी होते. फूटभर जाड भिंती, आर-६० चं छत आणि तोवर न पाहिलेला हवाबंदपणा. हिवाळ्यात उणे ३० पाहणाऱ्या त्या शहरात या घराला नेहमीसारखा फर्नेस नव्हता. आणि ताजी हवा येण्यासाठी त्यांनी उष्णता अदलाबदलीचं यंत्र बसवलं होतं : बाहेर जाणारी वापरलेली हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते, दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. जर्मनीतल्या पॅसिव्ह हाउसच्या विचाराला याच कामातून बळ मिळालं. आज कॅनडातल्या नव्या घरांत हे यंत्र एचआरव्ही या नावानं सर्रास असतं.

म्हणून फटी बुजवण्याच्या योजनेतच हवेची योजना धरावी. जुना फर्नेस किंवा गॅसचा गीझर घरातलीच हवा ज्वलनाला घेत असेल, तर घर घट्ट झाल्यावर त्याचा धूर धुरांड्यातून उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा गजर प्रत्येक मजल्यावर हवाच. बेसमेंटच्या जमिनीतून येणारा रेडॉन वायूही काम झाल्यावर मोजून घ्यावा; कॅनडाच्या आरोग्य खात्यानं घनमीटरला २०० बेकरेल ही मर्यादा ठरवली आहे आणि तो मोजायचा डबा स्वस्तात मिळतो.

११. कंत्राटदाराशी बोलताना

कामाआधी ब्लोअर डोअरसह घराची तपासणी करून घ्या, कारण पुष्कळ अनुदान योजनांत कामापूर्वीचा अहवाल मागतात. काम आधी झालं तर पैसे जातात. कॅनडाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचं ‘कीपिंग द हीट इन’ हे पुस्तक फुकट मिळतं. कंत्राटदाराला बोलावण्याआधी निदान माळ्याचं प्रकरण वाचून ठेवा.

दरपत्रकात ‘माळा आर-६०’ एवढीच ओळ असेल तर ती परत पाठवा. फटी सील करणं वेगळ्या ओळीत हवं, कोणकोणत्या जागा ते लिहून. वळचणीचे हवामार्ग किती, झाकणाचं काय, पंख्याच्या नळीचं काय, हेही. इन्शुलेशनच्या बाबतीत तीन आकडे मागा : दबल्यानंतरची जाडी, आर-मूल्य आणि पिशव्यांची संख्या. सेल्युलोजच्या प्रत्येक पिशवीवर तक्ता छापलेला असतो, इतक्या क्षेत्रफळाला इतक्या आर-मूल्यासाठी इतक्या पिशव्या. भुसा हवेनं फुगवून जाडी जास्त दाखवता येते, पिशव्यांचा आकडा फुगवता येत नाही. ज्या दिवशी काम होईल त्या दिवशी घरी थांबा, रिकाम्या पिशव्या ट्रकमध्ये जाण्याआधी स्वतः मोजा, आणि माळ्यावर ठिकठिकाणी उभ्या केलेल्या पट्ट्यांवरच्या जाडीचे फोटो काढूनच सही करा.